मागच्या गाडीचा ब्रेक

ब्रेक या वस्तूशी माझा संबंध फार जुना. तो वाहनांमुळे आला असं मात्र कोणी समजू नये. वाहन म्हणून माझ्या नशिबी आधी एक सायकल आणि मग एक स्कूटर आली, आणि दोन्हींचे ब्रेक लागत नाहीत हे आमच्या आळीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. संबंध आला तो नोकरीमुळे. चौतीस वर्षं मी सरकारी हिशेबतपासणीत काढली. सरकारला पुढे नेणारी खाती निराळी. आमचं खातं थांबवणारं. कोणी उत्साहाने पूल बांधायला निघाला, की त्याच्या फाइलवर ‘तरतूद दिसत नाही’, ‘नियमांत बसत नाही’ आणि अगदीच काही सुचलं नाही तर ‘चर्चा करावी’ असं लिहिण्याबद्दल मला दरमहा पगार मिळे. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, “यांच्यामुळे सरकारचे लाखो रुपये वाचले.” मागच्या खुर्चीवरचा एक इंजिनियर पुटपुटला, “आणि तीन पूल.”

त्यामुळे २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना जावयांनी जेव्हा, “बाबा, ब्रेकच्या बाबतीत तुमचं मत हवंय,” असं विचारलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. सतरा वर्षांच्या निवृत्तीनंतर कोणाला तरी माझी किंमत कळली होती.

मुलगी आणि जावई राहतात डेन्व्हरजवळ. तिथे प्रत्येक घरापुढे दोन गाड्या असतात आणि दोन्ही गाड्यांमागे काही ना काही ओढलेलं असतं. कोणी होडी ओढतो, कोणी घोडा ओढतो (घोड्याने गाडी ओढण्याचा काळ गेला, याचा एवढा सज्जड पुरावा मी दुसरा पाहिला नाही), आणि बहुतेक जण चाकांवरची खोली ओढतात. तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आमच्या जावयांनी तसला एक लहानसा ट्रेलर जुना विकत घेतला होता. लांबी सोळा फूट, एक आस, दोन चाकं. आत पलंग, मोरी, संडास, दोन शेगड्या, फ्रिज, पाण्याची टाकी. आमची सौ. आत शिरली, सगळी कपाटं उघडून मिटून पाहिली आणि खाली उतरून म्हणाली, “अहो, आपल्या डोंबिवलीच्या खोलीपेक्षा ही मोठी आहे. आणि संडास आतच आहे!” डोंबिवलीच्या त्या खोलीत आम्ही नऊ वर्षं काढली होती. ती खोली कुठे ओढून नेता येत नव्हती एवढाच फरक. बाकी हादरे तिलाही बसत. रेल्वे जवळच होती.

आता मूळ मुद्दा. ही खोली मोटारीला मागे जोडायची आणि निघायचं. निघण्याची अडचण नसते. जगात निघण्याची अडचण कोणालाच नसते. अडचण असते थांबण्याची. मोटारीचे ब्रेक मोटारीपुरते केलेले असतात. मागच्या ट्रेलरचं भरलेलं वजन ३५०० पौंड, म्हणजे जवळजवळ सोळाशे किलो. तीन धष्टपुष्ट म्हशी समजा. मोटार थांबायचं म्हणते, पण म्हशींना ते कोण सांगणार? त्या आपल्या वेगाने येतच राहतात आणि मागून ढुशी देतात.

हे ऐकताना मला आमच्या गावचा घाट आठवला. लहानपणी काकांच्या बैलगाडीतून बाजाराला जायचो. चढावर बैल गाडी ओढत. उतार लागला की गाडी बैलांना ढकलायला लागे, जू मानेवर चढे आणि बिचारे बैल पाय रोवून मागे रेटा देत. तेव्हा गडी खाली उतरून गाडीच्या मागून चालायला लागे. चाकावर घासायचं एक लाकूड असे, त्याची दोरी त्याच्या हातात. तो ती दोरी कधी ताणायचा, कधी सैल सोडायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं, “घट्ट बांधूनच का टाकत नाहीस?” तो म्हणाला, “मग गाडी फरफटंल. बैलाच्या मानेकडं बघून ताणायची असती.” पुढे चौतीस वर्षं मी दोरी घट्ट बांधून टाकण्याचीच नोकरी केली, आणि तो गडी काय म्हणाला होता ते डेन्व्हरला जाईपर्यंत विसरलो होतो.

अमेरिकेत तो गडी आता पेटीत बसतो. ट्रेलरच्या चाकांना विजेचे ब्रेक असतात. चाकाच्या पोकळ डब्यात एक लोहचुंबक असतो. त्यात वीज सोडली की तो फिरत्या डब्याला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जातो आणि त्या ओढीने एक दांडी सरकून ब्रेकचे लायनर आतून डब्यावर दाबले जातात. वीज जास्त, तर दाब जास्त. ही वीज कधी आणि किती सोडायची हे ठरवणारी पेटी पुढच्या मोटारीत, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी बसवतात. तिचं नाव ब्रेक कंट्रोलर. मोठमोठ्या पिकअप गाड्यांत ती पुष्कळदा कारखान्यातूनच बसवलेली येते. जावयांच्या गाडीत नव्हती. ती घ्यायची होती, आणि कोणती घ्यायची हा प्रश्न होता.

पण त्याआधी, घ्यायचीच का, हा प्रश्न शेजाऱ्याने उभा केला. शेजारी सत्तरीचा, हसरा, हाफपँटमधला. तो कुंपणावरून म्हणाला, की एवढ्याशा ट्रेलरला कशाला हवा ब्रेक? मी वीस वर्षं ओढतोय, काही झालं नाही. ‘काही झालं नाही’ हे वाक्य मी हिशेबतपासणीत फार ऐकलेलं आहे. ज्या फाइलीत ते असे, तिच्यात पुढच्या पानावर काहीतरी झालेलं असे.

तरीही खोटं कशाला बोलू, माझ्यातला कारकून जागा झाला. ट्रेलरला ब्रेक हवाच, असं सांगणारी वजनाची रेषा तिथे राज्याराज्यांत वेगळी आहे. बऱ्याच राज्यांत ती ३००० पौंडांवर आहे, कॅलिफोर्नियात १५०० वर. मी ट्रेलरवरची पाटी वाचली आणि विजयी मुद्रेने म्हणालो, “जावईबापू, रिकामा ट्रेलर २८०० पौंडांचा आहे. तो नियमाबाहेर राहतो! पेटीचा खर्च वाचला.”

“बाबा, तो रिकामा घेऊन जायचा नाहीये,” लेक म्हणाली.

“आणि टाकीत पाणी भरलं की?” सौ. म्हणाली. “आणि तांदूळ? कुकर? तुमची पुस्तकं?”

जावयांनी हिशेब सांगितला. तिथला एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडांच्या वर. तीस गॅलनची टाकी भरली की झाले अडीचशे. मी म्हणालो, “मग पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरू.” त्यावर जावई जे बोलले ते मी विसरलेलो नाही. म्हणाले, “बाबा, पुढच्या गाडीत एखादं पोर मागच्या सीटवर बसलेलं असेल. त्याला आपलं वजन नियमाच्या आत होतं की बाहेर, हे कळणार नाही. आपण वेळेत थांबलो की नाही, एवढंच कळेल.”

मी गप्प बसलो. चौतीस वर्षांत मी नियमाच्या आत किंवा नियमाच्या बाहेर अशा दोनच जागा पाहिल्या होत्या. नियमाच्या पुढे, मोटारीच्या मागच्या सीटवर, कोणी बसलेलं असतं हे माझ्या कोणत्याही परिपत्रकात नव्हतं.

पेटी घ्यायचं ठरलं. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जावयांनी कागदावर आकृती काढून मला दोन प्रकार समजावून दिले. पेट्यांची नावं ऐकून मी आधीच थक्क झालो होतो. एक टेकॉन्शा, एक कर्ट, एक ऑस्ट्रेलियाची रेडार्क. मला ती क्रिकेटच्या पाहुण्या संघातली नावं वाटली. पण नावांपेक्षा प्रकार महत्त्वाचा.

पहिला प्रकार स्वस्त आणि सोपा. तुम्ही पायाने ब्रेक दाबलात, मागचा लाल दिवा लागला, की या पेटीला तेवढंच कळतं. मग ती आधी ठरवून ठेवलेला जोर, आधी ठरवून ठेवलेल्या वेळात, मागच्या चाकांना लावते. तुम्ही सिग्नलपाशी अलगद पाय ठेवलात तरी तेवढाच जोर. समोर हरिण आलं म्हणून जिवाच्या आकांताने दाबलंत तरी तेवढाच जोर.

दुसरा प्रकार महाग. त्या पेटीच्या पोटात वेगातला फरक ओळखणारं यंत्र असतं. जुन्या पेट्यांत चक्क एक लंबक असे. मोटार थांबायला लागली की तो पुढे झुलायचा. आता त्या जागी एक इवलासा सूक्ष्म भाग असतो, पण काम तेच. पुढची मोटार किती जोराने थांबते आहे हे तो स्वतःच्या अंगावर अनुभवतो आणि त्या प्रमाणात मागच्याला थांबवतो. मोटार हळू थांबली तर मागचीही हळू, आणि मोटार गच्चकन थांबली तर मागचीही गच्चकन.

“म्हणजे पहिली पेटी म्हणजे बाबांचं ‘बघू’,” लेक ताटातली कोशिंबीर चिवडत म्हणाली.

“काय?”

“बघू. बाबा, तुम्ही आम्हांला लहानपणापासून एकच ब्रेक लावायचात. शाळेची सहल पानशेतला जायची, तर ‘बघू’. मला सायकल हवी होती, तर ‘बघू’. मला इथे शिकायला यायचं होतं, तरी ‘बघू’. तेवढ्याच जोराचं आणि तेवढ्याच वेळाचं. तीन दिवसांनी विचारलं की दुसरं ‘बघू’.”

नातू खो खो हसला. जावई जावयाच्या मर्यादेत हसले. मी मात्र प्रतिवाद केला, कारण हिशेबतपासणीला आरोपाला उत्तर द्यावंच लागतं. मी म्हणालो, “त्यात चूक काय? सर्वांना सारखा ब्रेक हाच न्याय. हरिण बघून वेगळा आणि सिग्नल बघून वेगळा, असा तोंड पाहून ब्रेक लावला की त्याला वशिला म्हणतात. आमच्या टेबलावर मंत्र्याचं बिल आणि शिपायाचं बिल, दोघांनाही सारखंच थांबावं लागे.”

मला हे उत्तर बिनतोड वाटलं. अजूनही अर्धंमुर्धं वाटतं. सगळ्यांना एकच माप लावणाऱ्या माणसाला निदान पक्षपाती म्हणता येत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या उत्तराचं एक चाक निखळलं. मंत्र्याचं बिल थांबलं तर मंत्र्याचं काही अडत नसे. शिपायाचं थांबलं तर त्याच्या घरी किराणा थांबे. जोर सारखाच होता, पण धक्का सारखा नव्हता. आणि तो धक्का मला कळायचा काही मार्गच नव्हता, कारण माझ्या पोटात लंबक नव्हता. पेन होतं.

“झोपला नाहीत?” सौ.ने अंधारात विचारलं.

“विचार करतोय. मी तुलाही ‘बघू’ म्हणायचो का गं?”

“बद्रीनाथ,” ती म्हणाली. एवढंच.

आता हे वाचकांना सांगितलं पाहिजे. लग्न झाल्यापासून हिची एक इच्छा होती, बद्रीनाथला जायची. देवाची ओढ म्हणावी तर तीही होती. पण खरी ओढ हिमालयाची आणि गंगेची. मी दर वर्षी ‘बघू’ म्हणालो. आधी पैसे नव्हते, मग मुलगी लहान होती, मग मुलीची दहावी होती, बारावी होती, मग मी निवृत्त झालो आणि माझ्याकडे कारणं उरली नाहीत, तेव्हा मी हिच्या प्रकृतीचं कारण काढलं. एवढ्या उंचीवर तुला श्वास लागेल, गुडघे धरतील. डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी ‘खुशाल जा’ म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती.

“तुझ्या काळजीपोटीच ना,” मी म्हणालो.

“हो. गंगा मी पाहिली आहे म्हणा. कपाटात आहे, कुपीत.”

त्यानंतर ती कुशीवर वळून झोपली आणि मी जागा राहिलो. कुपी मीच आणली होती. १९८८ साली कचेरीच्या कामाने मला डेहराडूनला पाठवलं होतं. काम दोन दिवसांत आटोपलं, रजा जोडून घेतली आणि दोघा सहकाऱ्यांबरोबर मी हृषीकेशवरून बद्रीनाथ करून आलो होतो. येताना हिच्यासाठी गंगेची कुपी आणि रुद्राक्षाची माळ आणली होती, आणि एवढी आठवण ठेवून आणली म्हणून स्वतःवर खूश होतो. पस्तीस वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं, की मी मागच्याला ब्रेक लावला होता आणि स्वतः मात्र थांबलो नव्हतो.

दोन पेट्यांमधला खरा फरक मला त्या रात्री कळला. दुसरी पेटी हुशार असते म्हणून चांगली नव्हे. पुढची गाडी जेवढी स्वतः थांबते तेवढंच ती मागच्याला थांबायला सांगते, म्हणून चांगली. मागच्याला आवरण्याचा हक्क पुढच्याला आहे का, हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत असेल. मुलांना बापाने आवरावं का, बायकोला नवऱ्याने, शिपायाला साहेबाने, जनतेला सरकारने? मला वाटतं, आवरावं लागतंच. जोडलेल्या गाड्यांत एकाला न आवरता दुसऱ्याला थांबता येत नाही. मात्र ज्याला स्वतःला थांबण्याचा धक्का बसत नाही, त्याने दुसऱ्याच्या ब्रेकला हात लावू नये.

सकाळी उठून मी जावयांना सांगितलं, “महाग घ्या. लंबकवाली.” चौतीस वर्षांत प्रथमच मी जास्त किमतीच्या निविदेची शिफारस केली.

पेटी आली, बसली. पण पेटी बसवली म्हणजे झालं असं नसतं. ती किती जोराने काम करील हे आपण आकडा लावून ठरवायचं असतं, आणि तो आकडा कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. रविवारी एका शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर आम्ही गेलो. पद्धत अशी: मोटार तासाला पंचवीस मैलांच्या वेगाने न्यायची, मोटारीचा ब्रेक मुळीच न दाबता पेटीवरची एक लहानशी कळ सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, आणि बाहेरच्या माणसाने ट्रेलरच्या चाकांकडे पाहायचं. जोर कमी असला तर ट्रेलर नुसता येत राहतो. फार झाला तर चाकं जागीच ठप्प होतात आणि टायर घासत फरफटतो. आकडा वाढवत वाढवत चाकं ठप्प होईपर्यंत न्यायचा आणि मग किंचित मागे यायचं.

बाहेरचा माणूस अर्थातच मी. हातात वही, कानावर पेन्सिल. जावई फेऱ्या मारताहेत, मी टिपतोय: ‘नाही’, ‘नाही’, ‘किंचित’, ‘बरे’, ‘ठप्प! धूर!’ वाहनतळाशेजारून कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून माझ्याकडे पाहत होती. तिला मी एखादा सरकारी निरीक्षक वाटलो असेन. इतक्या आनंदाने केलेली हिशेबतपासणी मला आठवत नाही.

संध्याकाळी टाकीत पाणी आणि कपाटांत सौ.चा शिधा भरल्यावर जावई म्हणाले, “उद्या पुन्हा आकडा लावावा लागेल.”

“पुन्हा? आज लावला ना!”

“वजन बदललं ना बाबा. रस्ता ओला असला तरी बदलावा लागतो. दर खेपेला पाहायचं.”

मी माझ्या वहीकडे पाहिलं. म्हणजे एकदा ‘योग्य’ ठरवलेला ब्रेक दुसऱ्या दिवशी अयोग्य असू शकतो! मुलगी सहा वर्षांची असताना मी लावलेला आकडा तिच्या तेविसाव्या वर्षीही तोच होता. ती २००५ साली इकडे शिकायला आली ती माझ्या संमतीने नव्हे. मी ‘बघू’ म्हणत होतो आणि टायर घासत होता.

शुक्रवारी निघालो. डेन्व्हर सोडलं की पश्चिमेकडचा रस्ता डोंगरात चढतच जातो आणि आयझेनहॉवर बोगद्याशी माथ्यावर पोचतो. १९७३ साली उघडलेला हा बोगदा समुद्रसपाटीपासून ११,१५८ फूट उंच आहे. चढताना मला खंडाळ्याचा घाट आठवत होता. कर्जतला आगगाडीच्या पाठीशी इंजिनं लावतात आणि मागून ढकलत तिला लोणावळ्याला पोचवतात. मागून ढकलणं चढावर पुण्याचं. तेच उतारावर संकट. बोगद्याच्या पलीकडे उतार असा काही आहे, की ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला वाळूखडीचे चढणीचे फाटे करून ठेवले आहेत. थांबता न येणाऱ्यांची सरकारनेच केलेली सोय! आमच्या खात्याने तिला तरतूद दिली नसती.

जावयांनी गाडी खालच्या गिअरात टाकली. मी पुढच्या सीटवर. अर्ध्या उतारावर एक भलामोठा ट्रक शेजारून सुसाट गेला, वाऱ्याचा लोट आला आणि आमचा ट्रेलर मागच्या मागे डोलायला लागला. आधी जरासा, मग जास्त. आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. मी ओरडलो, “ब्रेक! ब्रेक!” आणि माझ्या पायांखालची सतरंजी दोन्ही पायांनी दाबून धरली. शेजारच्या सीटवरून गाडी थांबवण्याचा हा माझा जुना अभ्यास आहे.

जावयांनी ब्रेक दाबला नाही. वेगाचा पाय काढला, चाक सरळ धरलं आणि गुडघ्यापाशी हात नेऊन पेटीवरची ती लहानशी कळ हलकेच सरकवली. फक्त मागचा ट्रेलर जरासा थांबला, दोहोंमधला जोड ताणला गेला आणि डोलणं विरून गेलं. सगळा प्रकार दहा सेकंदांचा. नंतर त्यांनी सांगितलं, की अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबला असता किंवा चाक हिसकलं असतं, तर मागचा आणखी भरकटला असता. मागचा घाबरला की पुढच्याने घाबरायचं नसतं. मी सतरंजीवरचे पाय उचलले. माझ्या ब्रेकमुळे कोणीच थांबलं नव्हतं, नेहमीप्रमाणे.

डिलन जलाशयाच्या काठी मुक्काम पडला. समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, डोंगरांवर जून महिना असूनही बर्फ. सौ. ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने नातवाला विचारलं, “मघाचा तो बोगदा किती उंच होता रे?”

“अकरा हजार एकशे अठ्ठावन्न फूट, आजी.”

“आणि बद्रीनाथ किती उंच आहे ते तुझ्या फोनमध्ये दिसेल का?”

नातवाने पाहिलं. “दहा हजार आणि काहीतरी.”

“हं,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तिला श्वास लागलेला नव्हता. मला मात्र लागला.

संध्याकाळी जावई ट्रेलर सोडवत होते. जोडाखाली दोन साखळ्या फुलीसारख्या ओलांडून लावलेल्या होत्या, जोड निसटला तरी ट्रेलरची दांडी रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडावी म्हणून. त्यांच्या शेजारी मोटारीला अडकवलेली एक बारीक तार होती. “ही कशाला?” मी विचारलं.

“साखळ्याही तुटल्या आणि ट्रेलर पार सुटला, तर ही तार ताणली जाऊन ट्रेलरवरच्या खिट्टीतली पिन निघते. मग ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. आपली मोटार तेव्हा नसतेच ना त्याच्याबरोबर.”

लेक घड्या घातलेल्या खुर्च्या उलगडत होती. १८ वर्षांपूर्वी सहारच्या विमानतळावर काचेपलीकडे तिने हात केला होता, तेव्हा मी हिला म्हणालो होतो, “आता हिला थांबवणारं कोणी नाही.” कोणी नव्हतंच. पण ती भरकटली नाही. पिन निघाल्यावर तिने स्वतःचे ब्रेक स्वतः लावले, जिथे लावायचे तिथे, आणि नको तिथे लावले नाहीत. ती बॅटरी तिच्यात कोणी बसवली? मला वाटून घ्यायला आवडेल की मी. बहुधा आईने बसवली असावी, मी ‘बघू’ म्हणत असताना.

ऑगस्टात आम्ही पुण्याला परतलो. घर झाडलं, दूधवाल्याला सांगितलं, साठलेली बिलं मी तारीखवार लावली. आठवड्याने संध्याकाळच्या चहाला सौ. कपाटातली कुपी पुसत होती. पुसता पुसता माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पुढच्या वैशाखात जाऊ या का?”

“बघ—” माझ्या तोंडून निघालं.

तिने मान वर केली नाही. फक्त कुपीवरचा हात थांबला.

“बघ, कॅलेंडर घे,” मी म्हणालो, “आणि तारीख सांग.”